कुट्टीचं खाणं कुणी कमी केलं

अक्का,

तू गेल्याच्या सोळाव्या दिवशी, रविवारी दुपारी, तो सिनेमा टीव्हीवर पुन्हा लागला. सुनीता म्हणाली, "बंद करा हो, आज नको." मी बंद केला नाही. आपला वाद अर्धवट राहिला होता आणि तू तो तसाच टाकून निघून गेलीस. वादातून उठून जायची सवय माझी होती, तुझी नव्हती. त्यामुळे मी चिडलेलो आहे आणि चिडूनच लिहितो आहे.

पुन्हा पाहिला तरी माझं म्हणणं तेच आहे. आठ मजले उंच प्राणी तसल्या काटकुळ्या पायांवर उभा राहूच शकत नाही. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं आणि हाडाचा छेद मात्र चौपटच वाढतो. पहिल्याच पुलावर त्याचे पाय मोडले असते आणि सिनेमा वीस मिनिटांत संपला असता. मी हे तुला थिएटरातच सांगितलं होतं. तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालीस, "पाय राहू दे रे, रामू. त्याला उपाशी कोण ठेवला ते सांग."

ही गोष्ट तू प्रत्येकाला वेगळी सांगायचीस, म्हणून एकदा नीट लिहितो. एक कंपनी बंदरातला कचरा खाऊन टाकणारा प्राणी तयार करते. सुरुवातीला तो बादलीत मावतो, बेडकासारखा दिसतो, शाळेतली मुलं त्याला बघायला येतात. मग तो वाढतो. हौद अपुरा पडतो. दुसरा हौद बांधायची कुणाची तयारी नसते. तेव्हा एक शास्त्रज्ञ उपाय काढतो: खाणं निम्मं करा, म्हणजे वाढ थांबेल. तो रोज प्राण्याचं वजन घेतो, वहीत लिहितो. वाढ काही थांबत नाही, प्राण्याची पाठ तेवढी वाकडी होते. मग एक दिवस भिंत फुटते, आणि पुढचा दीड तास मोटारी, पूल, माणसं असं सगळं तोडून होतं. शेवटी लष्कर त्याला मारतं. शास्त्रज्ञ किनाऱ्यावर उभा राहून डोळे पुसतो आणि म्हणतो, आपण सगळेच दोषी आहोत, खरा राक्षस माणूसच आहे. वर संगीत. लोक टाळ्या वाजवतात.

तू टाळ्या वाजवल्या नाहीस. पण त्याआधी तू काय काय केलंस, ते मी विसरलेलो नाही. आपण चौघं होतो. मी, सुनीता, बारावी संपवून मोकळी झालेली जानकी आणि तू. चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलेला तुझा आवाज. त्या राक्षसानं मासळीबाजाराचं छप्पर उचकटलं तेव्हा सगळं थिएटर किंचाळत होतं आणि तू उभी राहून आपल्या इकडच्या मराठीत म्हणालीस, "अय्यो, भूक लागली अहे रे त्याला!" पुढच्या रांगेतला एक तरुण वळून म्हणाला, "पाटी, कोंजम सुम्मा इरुंगो." आजी, जरा गप्प बसा. तू त्याला त्याच्याच तमिळमध्ये विचारलंस, तुझी आई तुला जेवायला घालून पाठवते ना? त्याच्यासोबतच्या मुली हसल्या. जानकी हसली. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

मध्यंतरात मी पॉपकॉर्नच्या रांगेत उभा होतो. तू मागून आलीस. रांगेत माझ्यापुढे सहा माणसं होती, हे मला आठवतं, कारण मी ती मोजत राहिलो.

"रामू, तू पण वही ठेवली होतीस."

"कसली वही?"

"पोरीला सांग. आता मोठी झाली अहे. समजेल तिला."

"अक्का, हा सिनेमा आहे. उगाच कशाचा कशाला संबंध जोडू नकोस."

"संबंध मी जोडला नाही," तू म्हणालीस. "तू मघा पडद्याकडे बघणं सोडलंस की. तेव्हा मी बघत होते."

मी रांग सोडून बाहेर गेलो. पॉपकॉर्न आणलंच नाही. त्यानंतर चार वर्षं आपण त्या प्राण्याच्या पायांवर, त्याच्या वजनावर, लष्कराच्या तोफांवर भांडलो. दर पोंगलला भांडलो. ते खरं भांडण नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता खरं लिहितो. जानकी दहा वर्षांची असताना मी तिच्या वाढदिवसाला एक कासव आणलं. पाठ हिरवी, कानामागे लाल पट्टा, जुन्या रुपयाएवढं. दुकानदाराला मी विचारलं, वाढेल किती? तो म्हणाला, "टाकी जेवढी, तेवढंच वाढतं सार. टाकी छोटी ठेवा, कासव छोटं राहील." बावीस वर्षं मी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात गाड्यांच्या भागांची मापं तपासतो. केसाएवढा फरक दिसला तर आख्खी खेप परत पाठवतो. आणि मी त्या माणसाचं हे वाक्य ऐकलं आणि विश्वास ठेवला, कारण ते मला सोयीचं होतं. आमचा फ्लॅट सातशे चाळीस चौरस फुटांचा. मी एक काचेचं गोल भांडं आणलं. जानकीनं कासवाचं नाव कुट्टी ठेवलं, म्हणजे तमिळमध्ये चिमुकलं.

कुट्टी वाढलं. मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करायचो, व्हर्निअरनं पाठ मोजायचो आणि वहीत लिहायचो. आकडे वर जायला लागले तसे मी त्याच्या खाण्याचे दाणे कमी केले. दिवसाला दहाचे सहा, सहाचे चार. मग एक दिवसाआड चार. जानकी विचारायची, "अप्पा, ते काचेला तोंड का घासतंय?" मी म्हणायचो, खेळतंय. दीड वर्षात त्याच्या पाठीवर टेंगळं आली आणि कडा वर वळल्या.

तू एकदा आमच्याकडे आलीस, भांड्यापाशी बसलीस, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "हे मी नेते." मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलेल्या जानकीनं विचारलं, कुट्टी कुठे? मी अकरा वर्षांच्या मुलीला सांगितलं, "तू त्याच्याकडे लक्ष देत नव्हतीस. बघ त्याची पाठ कशी झाली. म्हणून अत्तैनं नेलं." अत्तै म्हणजे तिची आत्या, तू.

हे मी केलं, अक्का. तू होतीस तोपर्यंत ही गोष्ट तुझ्याजवळ होती, म्हणून मला ती सांभाळावी लागत नव्हती.

तिरुवल्लिकेणीच्या तुझ्या गच्चीवर तू त्याला सिमेंटची मोठी टाकी आणलीस. ऊन खायला मध्ये दगड ठेवलास. कुट्टी ताटाएवढं झालं. तरी माझं तोंड बंद नव्हतं. एकदा मी म्हणालो, जवळच देवळाचं तळं आहे, लोक सोडतात, तिथं सोड, पुण्यही लागेल. तू इतकी भडकलीस की हातातला तांब्या आपटलास. "बाहेरच्या देशातलं जनावर ते. तळ्यातले मासे, बेडूक, असतील ते अस्के खाऊन टाकेल. इथली कासवं उपाशी मरतील. मग लोक म्हणतील, राक्षस आला! कोणी सोडला मणून कोणी विचारणार नाही." तू बरोबर होतीस, हे मी तेव्हा म्हणालो नाही. आता म्हणतो, आणि तुला ऐकू येत नाही, याचाही मला राग आहे.

राग येण्यासारखं तू आणखी पुष्कळ करून ठेवलंस. अकरा वर्षांत तू एक ओळ लिहून ठेवली नाहीस. किती पाला, कुठला पाला, पाणी कधी बदलायचं, काही नाही. मी विचारलं की म्हणायचीस, "भूक असेल तेवढं." हे काय माप झालं? तू अचानक गेलीस आणि मी त्या टाकीशेजारी उभा, हातात पालकाची जुडी, एका अठ्ठावीस सेंटिमीटरच्या जनावरासमोर, ज्याला मी कुणीतरी परका आहे असं स्वच्छ दिसत होतं.

त्यानं खाणं सोडलं. पहिले चार दिवस मला वाटलं, सुतकात घरात माणसांची वर्दळ, त्यानं बुजलं असेल. तेरावं झालं, पाहुणे गेले, तरी खाईना. पालक नाही, गाजर नाही, सुकट नाही. टाकीच्या कडेवर पुढचे पाय टाकून वर यायला बघायचं. बाहेर काढलं की गच्चीच्या फरशीवर मागच्या पायांनी खरवडत बसायचं. नखं घासून बोथट झाली. सुनीता म्हणाली, "त्यांना शोधतंय ते." सुनीता सांगलीची, तिला तुझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माया होती, म्हणून मी तिच्यावर ओरडलो नाही. पण फरशी खरवडून कुणी माणूस शोधत नाही, एवढं मला कळत होतं.

तुझं भाड्याचं घर महिनाअखेरीस मालकाला परत द्यायचं होतं. चौदाव्या दिवशी मी आवरायला घेतलं, आणि तुला माहीत आहे मी आवरतो कसा. वरपासून खालपर्यंत, खोलीमागून खोली. भांडी, पुस्तकं, बाहुल्यांच्या पेट्या. गच्चीवर जिन्याच्या पत्र्याखाली लाकडी खोकं होतं, भरून वाळू. मला ते पाहताच समजलं, कोलूची वाळू. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या की बाजूला तू वाळूत मोहरी आणि नाचणी पेरून बाग करायचीस, त्यात ते प्लास्टिकचे हत्ती आणि आरशाचं तळं. यंदा आपल्याकडे कोलू नाही, वर्षभर काही मांडायचं नाही. मग ही वाळू कशाला ठेवायची? मी ती दोन गोणींत भरली. छत्तीस किलो भरली. गल्लीच्या टोकाला बांधकाम चालू होतं तिथं देऊन टाकली. खोकं भंगारात. संध्याकाळी घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

मग तो रविवार आला. सिनेमात खाणं निम्मं करण्याचा प्रसंग चाळिसाव्या मिनिटाला येतो. शास्त्रज्ञ वहीत आकडा लिहितो, आणि मागं काचेपलीकडे तो प्राणी मागच्या पायांनी हौदाचा तळ खरवडत असतो. चार वर्षांपूर्वी मी हे पाहिलं नव्हतं, कारण मी नजर काढली होती. या खेपेला पाहिलं. सिनेमावाल्यांनी ते उपासमार दाखवायला घातलेलं, त्याला शास्त्राचा काही आधार नसणार. पण मी उठलो, चपला घातल्या. सुनीता म्हणाली, "आता कुठे?" मी म्हटलं, तिरुवल्लिकेणी.

खालच्या मजल्यावरच्या मामी जिन्यातच भेटल्या. मी विचारलं, मामी, अक्का या कासवाला बाहेर काढून कुठे ठेवायची?

"वाळूत," त्या म्हणाल्या. "पंगुनी महिन्याच्या उन्हात ती त्या खोक्यात पाणी शिंपडायची, मग कुट्टीला त्यात सोडायची. आम्हाला वाटायचं, बाई कोलूसाठी आत्तापासून बाग करते की काय! आम्ही चेष्टा करायचो. ती हसायची, पण सांगायची नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "का? वाळू कुठं गेली?"

छत्तीस किलो, अक्का. मी स्वतः वजन केली होती.

सोमवारी रजा टाकून मी आणि सुनीता कुट्टीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तरुण बाई होत्या. त्यांनी उलटं करून पाहिलं, एक्स-रे काढला, आणि पडद्यावर मला गोल गोल ठिपके दाखवले. "मादी आहे. पोटात अंडी आहेत. नर नसला तरी घालतात, त्यातून पिल्लं होत नाहीत एवढंच. पण अंडी घालायला माती किंवा वाळू लागते. मिळाली नाही तर त्या अंडी धरून ठेवतात, खाणं सोडतात. फार दिवस गेले तर जीव जातो." मी अंडी मोजली. अकरा.

म्हणजे तुला माहीत होतं. दर वर्षी माहीत होतं. आणि तू मला सांगितलं नाहीस, कारण मी विचारली ती फक्त मापं.

मग डॉक्टरीणबाईंनी पाठीवरची टेंगळं बोटांनी चाचपली. "ही लहानपणीची आहेत. अशा जनावरांची हाडं कधी कधी कमकुवत राहतात, आतली जागा अरुंद असते, अंडी अडकू शकतात. मला नीट सांगा. लहान असताना टाकी केवढी होती? खाणं किती होतं?"

सुनीता म्हणाली, "तेव्हा आमची मुलगी बघायची त्याचं. लहान होती ती, राहून गेलं असेल."

अक्का, अकरा वर्षं माझ्या बायकोलासुद्धा हेच माहीत होतं. आणि मी तिथं उभा राहून शास्त्रज्ञाचं किनाऱ्यावरचं वाक्य म्हणायला निघालो होतो. म्हणजे शब्द वेगळे: आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती, आम्ही सगळेच अडाणी, पूर्वी कुठे इतकी माहिती होती. वाक्य तयार होतं तोंडात. आणि तेव्हा मला कळलं की तो सिनेमा संपताना मी टाळ्या का वाजवल्या होत्या. सगळेच दोषी म्हटलं की माझ्या वाट्याला फार थोडं येतं. तू घरी जाताना बसमध्ये म्हणाली होतीस, "सगळी माणसं कशी रे? ज्यानं खाणं कमी केलं तो. त्याला नाव अहे की." मी म्हटलं होतं, झालं, आता शाळा सुरू.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. भांडं वीस सेंटिमीटर व्यासाचं होतं. खाणं दिवसाला दहा दाणे, मग सहा, मग चार, मग एक दिवसाआड चार. दीड वर्ष. "मुलगी नाही. मी. मुद्दाम. ते लहान राहावं म्हणून."

त्यांनी लिहून घेतलं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, वाळूची सोय आजच करा म्हणाल्या, चार दिवस वाट पाहू, नाहीतर शस्त्रक्रिया. मला त्या रागावल्या नाहीत. रिक्षात कुट्टीची टोपली मांडीवर घेऊन सुनीतानं एवढंच विचारलं, "जानकीला कधी सांगणार?"

बांधकामावर गेलो तर आपली वाळू सिमेंटमध्ये गेली होती. नवी नदीची वाळू शोधायला मला तीन दुकानं फिरावी लागली. मरीनाच्या किनाऱ्यावरून आणली असती, पण ती खारी. जुना पिंप कापून त्यात पस्तीस सेंटिमीटर वाळू भरली, ओली केली, मूठ वळेल इतकी. कुट्टीला आत सोडलं. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी एक खड्डा केला आणि सोडून दिला. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी पाणी शिंपडायला गेलो तर मागचे पाय वाळूत, मान बाहेर ताणलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी हललो नाही. मामी जिन्यातून डोकावल्या, त्याही हलल्या नाहीत. चाळीस मिनिटं लागली. मग तिनं पायांनी वाळू ओढून खड्डा बुजवला, थापून सारखा केला. इतकं नीट काम मी कारखान्यात क्वचित पाहिलं आहे.

मी उकरून मोजली. नऊ. पुन्हा उकरलं. नऊच. एक्स-रेमध्ये अकरा होती. दिवसभर माझा जीव टांगणीला लागला. उरलेली दोन संध्याकाळी टाकीच्या पाण्यात सापडली, एक फुटलेलं. त्यानंतर तिनं अर्धी जुडी पालक खाल्ला. मी त्याचं वजन केलं नाही.

घर मी मालकाकडून आणखी दोन महिने मागून घेतलं आहे. तोपर्यंत आमच्या इमारतीच्या गच्चीवर टाकीची परवानगी मिळवायची आहे, सोसायटीला तीन पत्रं झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नीट राहिली तर अजून वीस वर्षं जगेल. मी छप्पन्न वर्षांचा आहे. हिशेब सोपा आहे आणि मला आवडलेला नाही.

गुरुवारीच संध्याकाळी मी जानकीला फोन केला. ती कोइमतूरला शेवटच्या वर्षाला आहे, वसतिगृहाच्या जेवणाच्या घंटेआधी बोलते. अंड्यांचं सांगितलं, ती ओरडलीच, "कुट्टी मुलगी?" मग मी ते दुसरं सांगितलं. भांडं, दाणे, वही. आणि ती अकरा वर्षांची असताना मी तिला जे म्हणालो, ते खोटं होतं.

मला पलीकडे ताटांचा आवाज येत होता.

"अप्पा," ती म्हणाली, "मी नववीत असताना आईच्या मैत्रिणीकडे पिल्लं झाली होती. कुत्र्याची. तुम्ही म्हणालात आण एक. मी नको म्हटलं. आठवतंय?"

"हो. तुला अभ्यास होता."

"अभ्यास नव्हता. मला वाटायचं, माझ्याकडे दिलेलं जनावर खराब होतं."

आणि तिनं फोन ठेवला.

त्याला आज सहा दिवस झाले. सुनीताशी ती बोलते, माझा फोन घेत नाही. पूर्वी असं झालं की तू पोळीभाजीचा डबा घेऊन बसनं यायचीस, अर्धा तास मला बोलायचीस, मग तिला फोन लावून माझ्या हातात द्यायचीस. मी दर वेळी म्हणायचो, कशाला मध्ये पडतेस. आता मध्ये कुणी नाही. तिचे वर्ग साडेचारला सुटतात. पावणेपाचला मी पुन्हा लावणार आहे.